ती बाजूलाच उभी होती

आमच्या मंडळीतल्या बायकांची दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते, आणि सध्या आम्ही बायबलमधलं रूथचं पुस्तक घेतलंय, नामी नावाची विधवा आणि तिची मवाबी सून रूथ यांची गोष्ट, एका बैठकीला एक अध्याय. पहिल्या अध्यायाच्या दिवशी वाचणारीनं शेवटचा भाग वाचला, नामी बेथलेहेमच्या वेशीत येते, बायका विचारतात ही नामीच का, आणि ती म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मी भरलेली गेले होते आणि परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. सगळ्यांनी नेहमीसारखं च्च च्च केलं, नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, बिचारी. तेवढ्यात मागं खुर्चीवर बसलेल्या एक आजी, एरवी शेवटचं आमेन सोडलं तर सभेत ज्यांचा आवाज येत नाही, त्या म्हणाल्या, "मग रूथ कुठं होती तेव्हा?" पाळकीणबाई म्हणाल्या, "बाजूलाच असणार की, दोघी बरोबरच आल्या ना." आजी म्हणाल्या, "म्हणजे तिनं ऐकलं."

मग चहा आला, विषय कुणाच्या तरी ऑपरेशनकडे गेला, आणि त्या प्रश्नाचं पुढं काही झालं नाही. माझ्या मात्र डोक्यातून तो जाईना. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये, उपासनेत, लग्नांमध्ये इतक्या वेळा हे पुस्तक ऐकलंय, "तुम्ही जाल तिथं मी येईन" हे तर आमच्याकडं निम्म्या लग्नपत्रिकांवर छापलेलं असतं, आणि ते नवऱ्याला नाही तर सासूला म्हणलेलं वाक्य आहे हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्या वाक्यावर सासूनं काय उत्तर दिलं हे कुणी विचारत नाही. काहीच दिलं नाही. शास्त्रात एवढंच आहे की हिचा निश्चय पक्का आहे हे बघितल्यावर नामी तिच्याशी बोलायची थांबली. गळ्यात पडली नाही, मुली म्हणाली नाही, रडलीही नाही, रडणं आधी दुसऱ्या सुनेसोबत, अर्पासोबत झालं होतं. आणि मग त्या दोघी चालत राहिल्या. मवाबचं पठार उतरून मृत समुद्राच्या खोऱ्यात यायचं, समुद्रसपाटीच्याही चारशे मीटर खालची ती सगळी तापलेली खारट जमीन, आणि पलीकडं यहूदाचा डोंगर चढून बेथलेहेम. हजार मीटरच्या वरची चढण. एवढ्या वाटेवर या दोघी काय बोलल्या असतील, की काहीच बोलल्या नसतील, लिहिणाऱ्यानं एक ओळ लिहिलेली नाही. आणि वर पोचल्यावर नामीचं पहिलं वाक्य काय तर मी रिकामी आले.

माझी एक काकू होती. काका तरुणपणी गेला, मूलबाळ नव्हतं, माहेरचे न्यायला आले होते तरी ती गेली नाही, आजीजवळ गावाकडच्या घरात राहिली. आम्ही उन्हाळ्यात जायचो तेव्हाचं मला आठवतं, ओसरीवर आजी भिंतीला टेकून बसलेली, भेटायला आलेलं माणूस समोर, आणि आजी सांगतेय की माझं आता कोण आहे, माझा एकुलता एक आधार देवानं नेला. (एकुलता नव्हता, माझे वडील होते, पण शहरात राहणारा मुलगा आजीच्या हिशेबात धरला जात नसावा.) आणि आत चुलीपुढं काकू भाकरी थापतेय, परातीवर तिचा हात फिरल्याचा आवाज ओसरीपर्यंत येतोय, म्हणजे आजीचा आवाजही आत जात होताच. थोड्या वेळानं ती चहा घेऊन बाहेर यायची, आधी पाहुण्याला, मग आजीला, आजीचा बशीत ओतून, फुंकर मारून, कारण आजीचा हात थरथरायचा. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा काही शोधलं नाही, मी नऊ-दहा वर्षांची असेन, मला चहाबरोबरच्या बटरमध्ये जास्त रस. पण आजीवर मला आजही राग धरता येत नाही. तिचं खरंच सगळं गेलं होतं. ज्याचं मूल गेलंय त्याला तुझ्याजवळ अजून हे आहे, ते आहे असं मोजून दाखवता येत नाही, आणि नामीलाही ते कुणी दाखवलं नाही, देवानंसुद्धा नाही. तिचा कडूपणा शास्त्रानं जसाच्या तसा ठेवलाय, तिला कुणी दटावलेलं नाही.

रूथनंही नाही. दुसऱ्या अध्यायात ती सकाळी उठते आणि विचारते, मी शेतात सरवा वेचायला जाऊ का. बस. कालच्या बोलण्याचा उल्लेख नाही. कापणी करणाऱ्यांनी शेताचे कोपरे सोडायचे, खाली पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबांसाठी, परक्यांसाठी, विधवांसाठी, हा मोशेच्या नियमशास्त्रातला हक्क होता, आणि रूथ तिन्हीमध्ये बसत होती. तरी तो हक्क बजावणं सोपं नसणार. आपल्या बायबलमध्ये रूथच्या लगेच आधी शास्त्यांचं पुस्तक आहे, त्याच्या शेवटी बेथलेहेमच्याच एका बाईचं गिबा नावाच्या गावात जे झालं ते वाचवत नाही, आणि पुस्तक संपतं ते या वाक्यावर की प्रत्येक जण आपल्याला बरं वाटेल ते करत होता. ते पान उलटलं की ही मवाबी पोरगी एकटी परक्या रानात कापणाऱ्या गड्यांच्या मागं. म्हणून त्या शेताचा मालक, नामीच्या नवऱ्याचा नातेवाईक बवाज, जेव्हा सांगतो की मी गड्यांना ताकीद दिलीय, तुला कुणी हात लावायचा नाही, तहान लागली तर त्यांनी भरून ठेवलेलं पाणी पी, तेव्हा मला ते प्रेमकथेची सुरुवात वगैरे वाटत नाही, मला हायसं वाटतं.

त्या अध्यायातली माझी जागा मात्र दुपारच्या जेवणाची आहे. बवाज तिला बोलावतो, भाकर आंबेत, म्हणजे सिरक्यात, बुडवून खा म्हणतो, भाजलेले दाणे देतो, आपल्या भाषेत हुरडा. ती पोटभर खाते आणि थोडा शिल्लक राहतो. मग संध्याकाळपर्यंत पुन्हा वेचते, वेचलेलं झोडते, एफाभर सातू निघतो, आजच्या मापानं साधारण 22 लिटर धरतात, ते ओझं घेऊन गावात येते, सासूला दाखवते, आणि मग पदरातून तो दुपारचा उरलेला हुरडा काढून तिच्या हातावर ठेवते. एफाभर धान्य तर होतंच की घरात, सकाळी दळून भाकरी झाली असती. पण भाजलेला दाणा लगेच तोंडात टाकता येतो, आणि ही बाई दिवसभर उपाशी बसली असणार हे रूथला जेवताना आठवलं होतं. स्वतःच्या भुकेत दुसऱ्याची भूक आठवली. पुस्तकात याच्यावर एकही शब्द खर्च केलेला नाही, आणि नामीही हुरड्याबद्दल काही बोलत नाही, ती विचारते आज कुठं वेचलंस. पण बेथलेहेमात आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडून परमेश्वराचं नाव कडूपणाशिवाय निघतं. म्हणते, जिवंतांवर आणि मेलेल्यांवर त्यानं दया करायची सोडलेली नाही.

आता उपदेशांविषयी. रूथवर मी जेवढे उपदेश ऐकलेत ते सगळे बवाजवर होते. आणि मला ते आवडतात, खरंच आवडतात. भाऊबंदातला कुणी कंगाल होऊन जमीन विकायला निघाला तर जवळच्या आप्तानं ती सोडवून घ्यायची, हा लेवीय 25 मधला नियम, ज्याचं नातं जवळचं त्याचा तो हक्क आणि त्याचीच ती जबाबदारी. ईयोब राखेत बसून म्हणतो की माझा उद्धारक जिवंत आहे, तेव्हा तो असल्याच नात्याच्या माणसाला हाक मारतो. मग ख्रिस्ती माणूस बवाजमध्ये येशूला बघतो यात नवल काय, त्याला सोडवायचा हक्क असायला हवा म्हणून तो आपल्या रक्तामांसाचा झाला, सोडवायची ऐपत असायला हवी, आणि सोडवायची इच्छा असायला हवी. आमचे पाळकसाहेब हे तीन मुद्दे बोटांवर मोजतात आणि तिसऱ्या बोटाला थांबतात, कारण तिथंच तो दुसरा आप्त येतो, जो बवाजहून जवळचा होता. शेत म्हणल्यावर घेतो म्हणाला. शेताबरोबर मवाबी विधवा येते आणि होणारा मुलगा मेलेल्याच्या नावावर लागतो म्हणल्यावर, नको, माझं स्वतःचं वतन बिघडेल. वेशीत दहा वडीलधारे बसलेले, त्यांच्यासमोर त्यानं पायातली वहाण काढून दिली आणि आपला हक्क बवाजला सोडला. त्याचं नाव पुस्तकात नाहीये. मेलेल्यांचं नाव टिकवायला तो तयार झाला नाही आणि त्याचंही लिहिलं गेलं नाही, हे वाचताना दर वेळी मला कसंतरी होतं, कारण तो काही दुष्ट नव्हता, आपण सगळे जसा विचार करतो तसाच त्यानं केला.

पण त्याच्या आधी एक रात्र आहे. ती रात्र उपदेशात भरभर उरकतात. नामी सुनेला म्हणते अंघोळ कर, तेल लाव, चांगली वस्त्रं घाल, खळ्यावर जा, तो निजला की पायावरचं पांघरूण काढ आणि तिथं नीज. मला हे वाचताना धसकाच बसतो. वारा संध्याकाळी सुटतो म्हणून उफणणी तेव्हा करायची आणि राशीजवळ राखणीला झोपायचं, अंधारात भुसा उडालेला, पुरुष खाऊन पिऊन पडलेले, आणि तिथं एक परक्या देशाची गरीब विधवा एकटी जाते. बवाज तसा नसता तर? नामीला खात्री होती म्हणतात, असेल, तिचा विचार मुलीचं घर बसावं हाच होता, तेही खरं. तरी जीव रूथचाच पणाला लागला होता. आणि मध्यरात्री दचकून उठलेल्या त्या माणसाला ती सरळ सांगते, आपलं पांघरूण माझ्यावर घाला, तुम्ही सोडवणारे आहात. कामाची आठवण त्याला तिनं करून दिली. ज्याला आपण उद्धारकाचं चित्र म्हणतो तो बवाज त्या रात्रीपर्यंत चांगला माणूस होता, दयाळू शेतकरी होता, पण सोडवायला उठला तो तिनं मागितल्यावर.

पहाटे माणूस माणसाला ओळखू येणार नाही एवढ्या अंधारात तो तिच्या चादरीत सहा मापं सातू ओततो. ती घरी येते, सासू विचारते काय झालं मुली, आणि रूथ सांगते की त्यांनी हे दिलं, म्हणाले की सासूकडं रिकाम्या हातांनी जाऊ नकोस. मी मागं जाऊन परत वाचलं. खळ्यावरच्या प्रसंगात बवाजच्या तोंडी हे वाक्य नाही. तो म्हणाला असेल, नसेल, लिहिणाऱ्यानं ते आपल्याला फक्त रूथच्या तोंडून ऐकवलंय. वेशीतलं ते "रिकामी" ऐकून कापणीचा सगळा हंगाम उलटला, सातू झाला, गहू झाला, आणि आज ती तोच शब्द सासूसमोर बोलते, चादर उलगडत. टोमणा म्हणून नाही. धान्याबरोबर देते.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. तिनं ऐकलं होतं. चांगलंच ऐकलं होतं. आणि तिनं त्याच्यावर वाद न घालता, मी आहे ना असं एकदाही न म्हणता, रोज थोडं थोडं भरत नेलं.

म्हणून मला वाटतं की या पुस्तकात ख्रिस्त एकट्या बवाजमध्ये शोधायचा नाही. फिलिप्पैकरांस पत्रात पौल लिहितो की त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. आपला देश सोडून जो आपल्यात राहायला आला, आपले लोक ते माझे लोक म्हणाला, आपल्या मरणाच्या जागेपर्यंत आला, आणि आपण त्याच्या तोंडावर माझं कुणी नाही म्हणत असताना बाजूलाच उभा राहिला, तो मला या मवाबी सुनेत आधी दिसतो. वेशीत बसून किंमत मोजणारा प्रभू मला हवाच आहे, त्याच्याशिवाय माझं तारण नाही, पण ज्या दिवसांत माझ्या प्रार्थनेत तक्रारीशिवाय काही नसतं त्या दिवसांत मला चिकटून राहणारा प्रभूच कळतो.

हे शास्त्र आधी यहुदी लोकांचं आहे हे मी विसरत नाही. शवुओतला, म्हणजे वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, ते रूथ वाचतात, गव्हाच्या हंगामाचा सण तो, आमच्या पेंटेकॉस्टचं मूळ तेच. माझ्या ओळखीच्या एक बेने इस्रायली मावशी आहेत, अलिबागकडच्या, त्यांना मी हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, आमच्यात यात येशू नाही शोधत, पण रूथ परकी असून आमची झाली आणि तिच्या वंशात दावीद आला एवढं आम्हाला पुरतं. मला ते ऐकून बरं वाटलं. नियमशास्त्रात मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घ्यायचं नाही असं लिहिलेलं असताना दावीद राजाची पणजी मवाबी निघते, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, उलट सणाला मोठ्यानं वाचायला ठेवली.

आणि आपल्याकडं पंडिता रमाबाई. रूथची सुरुवात दुष्काळानं होते आणि विधवांनी, रमाबाईंचं आयुष्यही त्यातूनच गेलं. 1874 च्या आसपास दुष्काळात वणवण करताना वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. 1882 मध्ये नवरा गेला, पदरात लहान मनोरमा. पुढं 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बालविधवा शेकड्यांनी केडगावला आणल्या, आपल्या मुक्ती या आश्रमात. शेतं, विहिरी, शाळा, छापखाना, सगळं त्या बायकांनी चालवलेलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी एकटीनं केलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या, भाषांतर मरणाआधी पुरं झालेलं, छापून बाहेर आलं 1924 मध्ये, खिळे जुळवणारे हात केडगावच्या मुलींचे. रूथचा पहिला अध्याय भाषांतर करताना ही बाई कुठल्या वाक्याला थांबली असेल याचा मी खूप विचार करते. नामीसारखं सगळं गमावलं होतं तिनं. पण भरलेलं आणलं दुसऱ्यांसाठी, म्हणजे रूथचंही काम तिनंच केलं.

काकू आजीच्या नंतर बरीच वर्षं जगली. आजी गेली त्या दिवशी गावातल्या एक म्हाताऱ्या बाई काकूला जवळ घेऊन म्हणाल्या की तिला मुलगी नव्हती असं कोण म्हणेल. आजीनं स्वतः हे कधी म्हणलं होतं का, मला माहीत नाही, निदान माझ्यासमोर नाही. रूथमध्येही तसंच आहे. बवाजशी लग्न होऊन रूथला मुलगा, ओबेद, झाल्यावर शेजारणी नामीला म्हणतात, तुझी ही सून तुझ्यावर प्रेम करते, सात मुलांपेक्षा ती तुला जास्त आहे. सात मुलगे म्हणजे त्या काळात याच्या वर आशीर्वाद नाही. शेजारणी म्हणतात, नामी नाही म्हणत. ती बाळाला उराशी धरते आणि त्याची दाई होते. रूथ त्या शेवटच्या अध्यायात एक शब्द बोलत नाही. मुलाचं नावसुद्धा शेजारणीच ठेवतात, आणि म्हणतात नामीला मुलगा झाला. त्या वाक्यात रूथचं नाव नाही. इथं पूर्वी मला रूथसाठी वाईट वाटायचं. आता वाटतं की तिला हेच हवं होतं, बेथलेहेमला रिकामी आलेली बाई भरलेली बघायची होती, आणि तिनं ती बघितली.

हे सगळं मी पाळकसाहेबांना उपासनेनंतर सांगितलं, उन्हात, चर्चच्या पायऱ्यांवर. ते शांतपणे ऐकून म्हणाले, सोडवणूक म्हणजे किंमत, आणि किंमत वेशीत बवाजनं दिली, रूथनं केलं ते प्रेम, दोन्हीची गल्लत करू नये. मी म्हणलं तिनं देश दिला, आईबाप दिले, पुन्हा लग्न होण्याची मवाबात जी आशा होती ती दिली, आणि हे सगळं बवाज गोष्टीत यायच्या आधी. ते म्हणाले तरी शेत सुटलं नसतं. हे खरं आहे, शेत सुटलं नसतं. पण तिनं मागितलं नसतं तर वेशीत कुणी बसलंच नसतं. ते पटल्यासारखं त्यांनी मान हलवली, पण मुद्दा सोडला नाही, मीही सोडलेला नाही. मत्तयानं वंशावळीत लिहिलंय की सल्मोनाला राहाबेपासून बवाज झाला आणि बवाजाला रूथेपासून ओबेद झाला, म्हणजे बवाजची आईसुद्धा परकीच, आणि दोघांची नावं एकाच ओळीत. मी त्यांना एवढंच म्हणलं की मग उपदेशात दोघांविषयी सांगत चला.